भीती, चिंता आणि मेंदूतल्या वाटा : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : उंदीर काही बोलून दाखवत नाही. मग त्याला चिंता वाटते आहे, हे शास्त्रज्ञ कशावरून ठरवतात?

त्याच्या मनात काय चालले आहे ते कळत नाही; मोजता येते ते त्याचे वागणे. त्यासाठी खूप वापरली जाणारी एक चाचणी साधी आहे. जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंचीवर अधिक चिन्हाच्या आकाराची चौकट बसवतात. तिच्या समोरासमोरच्या दोन भुजांना उंच भिंती असतात, उरलेल्या दोन उघड्या असतात. उंदराला मधोमध सोडून साधारण पाच मिनिटे त्याचे चित्रीकरण करतात. नवी जागा हुंगून पाहण्याची ओढ त्याला असते आणि उघड्यावर शिकाऱ्याच्या नजरेस पडण्याची धास्तीही असते. मागचे पाय भिंतीच्या आडोशाला ठेवून तो अंग ताणतो, नाक बाहेर काढतो आणि झटकन मागे घेतो. उघड्या भुजांवर तो जितका कमी वेळ घालवेल तितकी चिंता अधिक, असे मानले जाते. डायझेपामसारखे चिंताशामक औषध दिल्यावर हा वेळ वाढतो, आणि चाचणीच्या विश्वासार्हतेचा तो मुख्य आधार आहे. मात्र चाचणीची पारख औषधावरून आणि पुढे नव्या औषधांची पारख त्याच चाचणीवरून, असे हे काहीसे वर्तुळाकार प्रकरण आहे. त्यामुळे एकाच चाचणीवर विसंबलेले निष्कर्ष मी जरा हात राखूनच वाचतो.

प्रश्न : अमिग्डाला हे मेंदूतले भीतीचे केंद्र आहे, असे सगळीकडे वाचायला मिळते. मग तेवढेच केंद्र शांत करणारे औषध का तयार होत नाही?

कारण अमिग्डाला हे एकच बटण असलेले केंद्र नाही. हे ज्या प्रयोगांमुळे स्पष्ट झाले त्यांत के टाय आणि कार्ल डायसेरॉथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला, 2011 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग महत्त्वाचा आहे. शेवाळातील एका प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक त्यांनी उंदराच्या अमिग्डालाच्या पार्श्वतल (बाजूच्या तळाकडील) भागातील चेतापेशींत घातले, म्हणजे बारीक तंतूतून निळा प्रकाश सोडला की त्या पेशी उद्दीपित होतात. हा प्रकाश पेशींवर न टाकता, त्या पेशींचे जे तंतू अमिग्डालाच्याच मध्यवर्ती भागात जातात त्यांच्या टोकांवर टाकला, तेव्हा उंदीर लगेच उघड्या भुजांवर अधिक फिरू लागले, आणि प्रकाश बंद होताच पुन्हा पूर्ववत झाले. तीच टोके दुसऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने दाबून टाकली, तर चिंता वाढली. पण प्रकाश थेट पार्श्वतल भागातील त्या पेशींवरच टाकला, तर हा शामक परिणाम मिळाला नाही. त्याच पार्श्वतल भागातून हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित अवयवाच्या खालच्या भागाकडे जाणारी दुसरी वाट आहे. टाय यांच्या एमआयटीतील गटाने 2013 मध्ये ती उद्दीपित केली, तेव्हा चिंता वाढली. म्हणजे उगमस्थान एकच, पण संदेश कोणत्या वाटेने गेला यावर परिणाम शांत होण्याचा की बिचकण्याचा, हे ठरते.

हिप्पोकॅम्पसच्या या खालच्या भागातही अशीच विभागणी आहे. तिथल्या काही पेशी उंदीर उघड्यावर येताच जोरात काम करू लागतात. 2018 साली कोलंबिया विद्यापीठातील रेने हेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अशा पेशींपैकी ज्या हायपोथॅलॅमसकडे (शरीराच्या अंतर्गत क्रिया सांभाळणाऱ्या भागाकडे) तंतू पाठवतात त्या चिंतेचे वागणे चालवतात, तर अमिग्डालाकडे जाणाऱ्या पेशींचा संबंध पूर्वी जिथे विजेचा धक्का बसला त्या जागेच्या भीतीशी येतो. समोर नसलेल्या धोक्याची चिंता आणि अनुभवलेल्या धोक्याची भीती यांच्या वाटा निदान इथे तरी वेगळ्या आहेत.

आता औषधाचे पाहू. डायझेपामच्या वर्गातील औषधे ‘गाबा’ या शामक रसायनाचा परिणाम वाढवतात, आणि त्याचे ग्राही, म्हणजे ते रसायन पकडणारी पेशींवरील प्रथिने, तर मेंदूभर पसरलेले आहेत. म्हणून चिंतेबरोबर झोप, स्मरण आणि शरीराचा तोल यांवरही परिणाम होतो. गोळी वाटा निवडू शकत नाही, ही खरी अडचण आहे.

प्रश्न : घाबरल्यावर छाती धडधडते, की छाती धडधडल्यामुळे आपण घाबरतो?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 मध्ये दुसरी शक्यता मांडली होती आणि तिच्यावर पुढे शतकभर वाद झाला. 2023 साली डायसेरॉथ यांच्याच गटाने ती उंदरांवर तपासली. हृदयाच्या स्नायुपेशींत प्रकाशसंवेदी प्रथिन घालून, उंदराच्या अंगावरील छोट्या जाकिटातून त्वचेवाटे लाल प्रकाश सोडून त्यांनी हृदयाचे ठोके मिनिटाला 900 पर्यंत नेले. (उंदराचे ठोके एरवीही 600 च्या आसपास असतात, त्यामुळे हा आकडा वाटतो तितका भयंकर नाही.) केवळ ठोके वाढवल्याने उंदीर घाबरले नाहीत, पण उघडी भुजा किंवा धक्का बसण्याची शक्यता समोर असताना ते अधिक सावध झाले. शरीराच्या आतल्या संवेदना टिपणाऱ्या, मेंदूतील इन्सुला या भागाचा मागचा पट्टा शांत केल्यावर हा परिणाम कमी झाला. जेम्स यांचे म्हणणे अर्धे खरे ठरले, असे माझे मत आहे : धडधड भीती निर्माण करत नाही, पण धोक्याचा संशय असेल तर ती त्याचे वजन वाढवते.

प्रश्न : ताणाचा काळ संपल्यावर मेंदू पूर्वस्थितीला येतो का?

सगळे भाग सारखे येत नाहीत. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत सुमंत्र चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवले. हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आखडल्या, पण अमिग्डालाच्या पार्श्वतल भागातील शाखा उलट वाढल्या. नंतर 21 दिवस ताणाविना गेले तरी अमिग्डालातील वाढ आणि चिंतेचे वागणे टिकून राहिले, हिप्पोकॅम्पस मात्र सावरला. यावरून माणसाविषयी थेट विधान करू नये. मात्र ताण गेला तरी धास्ती का रेंगाळते, याचे एक शारीरिक कारण इथे दिसते. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) येथे विदिता वैद्य यांचा गट सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या अंगाने याच प्रश्नावर काम करतो. डीओआय हे सायकेडेलिक (भास घडवणारे) द्रव्य चिंतेचे वागणे तात्पुरते कमी करते ते हिप्पोकॅम्पसच्या खालच्या भागातील ठरावीक शामक पेशींमार्फत, असे त्यांनी आणि अमेरिकेतील सहकाऱ्यांनी 2024 मध्ये दाखवले.

प्रश्न : दिवाळीत फटाक्यांनी आमचा कुत्रा पलंगाखाली थरथरत बसतो. जवळ घेतले तर सवय लागेल, असे शेजारी म्हणतात. काय करावे?

तो जवळ आला तर खुशाल जवळ घ्या. भीती हे बक्षिसासाठी केलेले वागणे नाही, त्यामुळे धीर दिल्याने ती पक्की होत नाही. आवाजाचा संदेश मेंदूच्या थॅलॅमस या भागातून थेट अमिग्डालाकडे जातो आणि फटाका केव्हा वाजेल याचा अंदाज प्राण्याला नसतो, म्हणून ओरडून काही साधत नाही. लपायची जागा मोकळी ठेवा, खिडक्या लावून घ्या. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात, खाऊ देत देत ऐकवण्याची सवय दिवाळीच्या काही महिने आधीपासून लावावी लागते. ऐन सणात सुरू केल्यास उलटेच होईल. त्रास फार असेल तर पशुवैद्यांकडून आधीच औषध लिहून घ्या आणि ते फटाके सुरू होण्यापूर्वी द्या. घरातील माणसांच्या झोपेच्या गोळ्या मात्र त्याला देऊ नका.