झाकणं वितळवून व्हेपचं माउथपीस? जरा थांब भावा

तू विचारलंयस की पाण्याच्या बाटल्यांची झाकणं वितळवून व्हेपचं (म्हणजे ई-सिगारेटचं) तोंडात धरायचं माउथपीस आणि जुन्या लॅपटॉपच्या सेलसाठी डबी घरी करता येईल का. येईल की, पण मी करू नको म्हणणार. कुपवाड एमआयडीसीत मोल्डिंग मशीनवर सतरा वर्षं काढल्यात, भंगाराचा दाणा नुसत्या वासावर ओळखतो, म्हणून बोलतोय.

झाकणं बहुतेक एचडी (एचडीपीई, जाड पॉलिथिन) नाहीतर पीपीची (पॉलिप्रॉपिलीन) असतात, बाटली पेटची (पीईटी प्लास्टिक). एचडी 130 डिग्रीच्या आसपास वितळतं, पीपी 160 ला, पेटला 250 पर्यंत जावं लागतं, आणि तुझ्या पोत्यात सगळं मिक्स असणार, त्यात एखादा पीव्हीसीचा तुकडा गेला की संपलं. आमच्याकडं एकदा पीपीच्या स्क्रॅपमध्ये पीव्हीसी आलं, मशीन तापल्यावर असा वायू सुटला की डोळ्यातनं पाणी आणि सगळे खोकत बाहेर, आणि दोन दिवसांनी बघतो तर चकचकीत डायवर (पोलादी साच्यावर) तांबूस गंज. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड हो ते, पोलादाला खातंय तर तुझ्या छातीचं काय. व्हेपची तापणारी कॉइल माउथपीसपासून लांब असते हे मान्य, पण वाफ गरमच येणार आणि ते तोंडात धरायचं. झाकणात कुठला रंग, आधी आत पाणी होतं का फिनाइल, हे भंगारवाल्याला पण माहीत नसतं.

सेलचं तर नावच काढू नको. लॅपटॉपच्या पॅकमध्ये जे 18650 सेल असतात त्यांचा वरचा बारका टोपीसारखा भाग प्लस, बाकी अख्खा डबा मायनस, मध्ये एक पातळ वॉशर आणि वरनं प्लास्टिकचं आवरण, बास. माझ्या भाच्यानं विश्रामबागेत गच्चीवर बसून स्क्रूड्रायव्हरनं वेल्डिंगची पट्टी उचकटली, आवरण फाटलं, पट्टी दोन्हीकडं टेकली आणि सेल फुसफुसत पेटला. नशीब गच्चीवर होता, फरशीवर काळा डाग अजून हाय.

आणि कायदा. 2019 पासून देशात ई-सिगारेटवर बंदीच आहे, बनवणं, विकणं, जाहिरात करणं, सगळ्यावर. मी तर फक्त अ‍ॅक्सेसरी बनवतोय म्हणशील, पण तिचा कुठलाही भाग बनवणं किंवा जोडणं हे पण उत्पादनातच धरलंय. पहिल्यांदा सापडलास तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मित्रांना दोन-चार करून विकायचा विचार असंल तर तो आत्ताच सोड.

झाकणं मात्र टाकू नको. बादलीत पाणी घेऊन टाक, एचडी-पीपी वर तरंगतं, पेट आणि पीव्हीसी तळाला जातं, तळातलं भंगारात दे. वरची झाकणं साबणानं धुऊन वाळव, आतल्या बाजूला त्रिकोणात 2 आकडा दिसंल ती वेगळी काढ, ते एचडी. मग जुना सँडविच टोस्टर अंगणात घे (घरात नको, आणि नंतर त्यात ब्रेड भाजायचा नाही, आईला आधीच सांगून ठेव), खालीवर बटर पेपर घाल, मऊ झालं की दोन फरश्यांमध्ये वजन ठेवून पूर्ण गार होईपर्यंत दाबून ठेव, कारण एचडी गार होताना आकसतं आणि वाकतं. घाई केली की वाटोळं. माझ्या टेबलावरचं निळं कोस्टर असंच घाईत काढलेलं, एका बाजूनं उचललंय, चहाचा कप जरा कलतो, पण चालतंय.