गावाला आणून ठेवलं की गांजा सुटतो का?

"मॅडम, झिलाक गावाक आणून ठेवलंय. हय तेका कोण देतलो गांजो?" देवगड तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा १९ वर्षांचा, नालासोपाऱ्याला खोली करून मित्रांबरोबर राहणारा, वर्षभर रोज रात्री ओढणारा. (अशा बऱ्याच घरांचे अनुभव एकत्र करून ही हकीकत लिहिली आहे.)

गावाला आणल्याने रोजचा देणारा आणि रोजचा कट्टा तुटतो, एवढा फायदा नक्की होतो. पण कॉलेजात विषय राहून एटीकेटी लागल्यापासून या मुलाला झोप येत नव्हती, म्हणून तो ओढू लागला होता. ते कारण गावालाही त्याच्यासोबत आलंच.

रोज ओढणाऱ्याने गांजा बंद केला की एक-दोन दिवसांत चिडचिड, घाम, निद्रानाश सुरू होतो, भूक मरते. पहिला आठवडा सर्वात कठीण. दोन-तीन आठवड्यांत बरंच ओसरतं, झोपेला मात्र आणखी वेळ लागतो. तिसऱ्या रात्री हा मुलगा खळ्यात येरझाऱ्या घालत होता. सकाळी पेज सरकवून दिली, आजोबांवर ओरडला. घरच्यांना बाहेरचं वाटलं, त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं जरूर घालावं, पण डॉक्टर थांबवू नये. जवळ कुणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येणं, कुणी मारायला टपलंय असा संशय घेणं दिसलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. सोबत रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर त्या घरी एकदम तोडू नयेत, फिट येऊ शकते.

दोन आठवड्यांनी मुलगा शांत झाला. आईने आनंदाने फोन आणि ५०० रुपये हातात दिले. जून महिना, मासेमारी बंद, जेटीवर मोकळी पोरं. त्या संध्याकाळी तो ओढून आला. वडिलांनी हात उगारला, "घराबाहेर हो" म्हणाले. इथेच बरीच घरं हरतात, कारण मग मुलाला परत जायला फक्त तो कट्टाच उरतो.

अशा वेळी दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारावं: किती वाजता, कुणाबरोबर, पैसे कुणाचे, आणि त्याआधी काय घडलं? याच्या फोनवर त्या दुपारी निकाल आला होता, पुन्हा नापास. मग उपाय तिथूनच ठरले. पैसे ठरावीक कामापुरते. जुने नंबर त्याने स्वतः काढले. संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत तो काकांबरोबर शेतात. दुपारी झोपायचं नाही, चारनंतर चहा नाही, उठायची वेळ एकच. तलफ बहुधा अर्ध्या तासात उतरते. तेवढा वेळ जागा सोडायची, पाणी प्यायचं आणि ठरलेल्या एका माणसाला फोन करायचा. त्याने मामाला निवडलं.

लघवीची तपासणी मुलाला सांगूनच करावी. रोज ओढणाऱ्याची तपासणी सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून तेवढ्यावरून "कालच ओढलास" असा आरोप करू नये.

मदतीसाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. रत्नागिरीत शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे.

आईचा पुढचा प्रश्न होता, मुंबईला परत कधी धाडू? निदान तीन महिने स्वच्छ गेल्यावर, आणि त्याच खोलीत तर नाहीच. आधी राहायची दुसरी सोय करा, तिथला समुपदेशक ठरवा, मग तिकीट काढा.