भिंतीवरच्या लाल फुलीने जमीन जात नाही

प्रश्न : शहराच्या वेशीवर राष्ट्रीय महामार्गाच्या चौकात आमची सहा गुंठे जागा आहे. पुढे हार्डवेअरचं दुकान, मागे घर. वडील चार वर्षांपूर्वी गेले, पण सातबारावर अजून त्यांचंच नाव आहे. चौकात उड्डाणपूल आणि वळणरस्ते करण्याचा आराखडा महापालिकेच्या सभेपुढे आहे. दोन पर्याय आहेत आणि एकात आमचं दुकान जातं. मागच्या आठवड्यात मोजणीवाले कंपाउंडच्या भिंतीवर लाल फुली मारून गेले. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, संमतिपत्र देऊन टाका, पैसे लवकर सुटतील. भाऊ म्हणतो, स्टे आणू. काय करावं?

उत्तर : ताई, आत्ता दोन्ही नको. संमतिपत्र तर मुळीच नको. कुठल्या कायद्याखाली, किती जागेसाठी, काय दराने, यातलं काहीच ठरलेलं नसताना कशाला संमती देणार?

आधी फुलीचं बघू. तुमच्या फोटोत तिच्याखाली '२२.५' लिहिलंय. ते बहुधा रस्त्याच्या मध्यापासूनचं मीटरमधलं अंतर असावं, म्हणजे सल्लागाराच्या माणसाने स्वतःच्या सोयीसाठी केलेली खूण. तिने तुमची मालकी तसूभरही हलत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ प्रमाणे खासगी जागेत शिरून मोजणी करण्याचा अधिकारसुद्धा कलम ३ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा केंद्राचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना निघाल्यावर मिळतो. पुन्हा कोणी आलं तर अधिकारपत्र मागा, त्याचा फोटो काढा आणि कशावरही सही करू नका, 'फक्त हजेरीची आहे' म्हटलं तरी.

आता सभेचं. महामार्ग केंद्राचा, त्यामुळे महापालिकेच्या ठरावाने तुमची जमीन जात नाही. पण म्हणून सभेकडे दुर्लक्ष करू नका. दोन पर्यायांमधली निवड अजून व्हायची आहे, आणि एकदा ती झाली की न्यायालय सहसा त्यात पडत नाही. मंगळूर परिसरातल्या महामार्गाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्टच म्हटलंय की रस्ता कुठून न्यायचा हा तज्ज्ञांचा विषय आहे. शिवाय मंजूर विकास आराखड्यात फेरबदल करावा लागणार असेल, तर नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ३७ लागतं. त्यात जाहीर नोटीस, हरकतींसाठी एक महिना, बाधितांना वेगळी नोटीस आणि सुनावणी आहे, आणि मग प्रस्ताव शासनाकडे जातो.

हरकत मात्र नीट लिहा. एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर दीडशे सह्या आणि 'आमचं नुकसान होतं' ही एक ओळ, असे गठ्ठे मी पाहिलेत. ते एका वाक्यात निकाली निघतात. माहिती अधिकारात दहा रुपये भरून दोन्ही पर्यायांचे नकाशे, वाहनगणना आणि बाधित बांधकामांची यादी मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, म्हणून अर्ज याच आठवड्यात द्या. मग लिहा, की दुसऱ्या पर्यायात सरकारी जागा किती वापरता येते, पाडावी लागणारी घरं किती कमी होतात, सेवा रस्ता कुठे तुटतो. इंजिनिअरला उत्तर द्यावं लागेल अशी हरकत हवी.

भावाला सांगा, आज आव्हान द्यायला आदेशच नाही. दिवाणी कोर्टात तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम ४१(एचए) आडवं येतं. २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या या तरतुदीप्रमाणे रस्ते-पुलांसारख्या पायाभूत प्रकल्पाला खीळ बसेल किंवा उशीर होईल असा मनाई हुकूम देता येत नाही. उच्च न्यायालयातल्या रिटची वेळ येऊ शकते, पण ती नोटीस, सुनावणी किंवा कारणासह निर्णय डावलला तर. कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे मालमत्तेच्या हक्काचेच भाग मानलेत.

खरी घाई ३ए निघाल्यावर. ती राजपत्रात येते आणि तिचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापतात. घरी पोस्टमन येईल म्हणून थांबू नका. राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा प्रांत किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी, लेखी हरकत द्यायची आणि सुनावणी मागायची. पैशांचा वाद इथे घालू नका, इथला प्रश्न फक्त जमिनीच्या वापराचा आहे. हरकती निकाली निघून कलम ३डी ची, म्हणजे संपादनाची घोषणा झाली की जमीन केंद्राकडे निहित होते, म्हणजे तिची मालकी केंद्राकडे जाते. ३ए पासून वर्षभरात ती घोषणा झाली नाही, तर अधिसूचना गळून पडते. कोर्टाच्या स्थगितीचा काळ मात्र त्या वर्षात धरत नाहीत.

तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट शेवटी घेतोय : सातबारावरचं वडिलांचं नाव. त्याच नावाने मोबदल्याचा निवाडा झाला आणि भावंडांत हिश्शावरून वाद निघाला, तर प्रकरण कलम ३एच खाली दिवाणी न्यायालयाकडे जातं आणि रक्कम तिथे वर्षानुवर्षं अडकून पडते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळू नका, नंतर तेच महागात पडतं.

मोबदल्याचा बाजारभाव ३ए च्या तारखेचा धरतात. २०१५ पासून महामार्गालाही २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे मोबदल्याचे नियम लागू आहेत, म्हणजे वर शंभर टक्के दिलासा रक्कमही मिळते. दुकान जाऊन घर उरलं तर जागेचे तुकडे पडल्याचं नुकसान आणि धंदा हलवण्याचा खर्च वेगळा मागता येतो, पण पुरावा तुमचाच. दुकानाचा परवाना, जीएसटीची विवरणपत्रं, बांधकाम परवानगी, घरपट्टीच्या पावत्या एका फाइलीत लावा आणि इमारतीचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा. रक्कम पटली नाही तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जाता येतं.

सभेची पुढची तारीख नगरसचिवांच्या कार्यालयात कळेल. हरकत तिथेच आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.