सातव्या वर्षी दाखवा, तारेची घाई नको

ताई, मुलीचे पुढचे दात फाकलेत म्हणून लगेच तार बसवायचा हट्ट धरू नका. ७ ते ११ वयात वरच्या पुढच्या दातांत थोडी फट अनेक मुलांना असते; सुळे उतरले की बऱ्याचदा ती आपोआप मिटते. तपासणी मात्र ७ व्या वर्षीच करा. खानापूरहून बेळगावला बाजाराला येणं होतंच, तेव्हा केएलई किंवा मराठा मंडळाच्या डेंटल कॉलेजात ऑर्थोडोंटिस्टना (वाकडे दात-जबडे सरळ करणाऱ्या डॉक्टरांना) दाखवा.

खरं बघायचं ते जबड्याकडे. दात मिटल्यावर वरच्या दाढा खालच्यांच्या आत जातात का? खालचा जबडा पुढे येतो का? तसं असेल तर थांबू नका. टाळूच्या मधला सांधा लहानपणी पुरता जुळलेला नसतो, म्हणून एक्सपांडरने (वरच्या दातांना बसवायच्या उपकरणाने) टाळू रुंदावता येते. वयात आल्यावर तेच अवघड होतं. उलट खालचा जबडा मागे असेल तर डॉक्टर बहुधा वयात येतानाचा वाढीचा भर येईपर्यंत थांबायला सांगतील. ते ऐका.

मुलगी तोंड उघडं टाकून झोपते का? मग आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. आणि किडलेली दुधाची दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून उपटू देऊ नका, मागची दाढ पुढे सरकून जागा खाते. काढावीच लागली तर स्पेस मेंटेनरचं, म्हणजे ती जागा राखून ठेवणाऱ्या उपकरणाचं, नक्की विचारा.