व्हिएतनाममधल्या न्हा ट्रांगला बीच आणि वॉटरपार्क सोडून बघण्यासारखं काही आहे का? किती दिवस ठेवावेत?

आहे, भरपूर आहे. कोणी तुम्हाला नाही म्हणून सांगितलं असेल तर तो बहुतेक हॉटेलच्या स्विमिंग पूलमधून बाहेरच आला नसणार. बीच सुंदरच आहे, गावाला लागून आहे, त्यावर मी वेगळं काय लिहू.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे घरच्यांची व्हिएतनाम टूर ठरली तेव्हा मला खरं तर एकच गोष्ट बघायची होती, प्लेगचा जंतू शोधणाऱ्या डॉक्टर अलेक्झांडर येर्सिनचं म्युझियम. प्लेगच्या जंतूला यर्सिनिया म्हणतात ते ह्याच्याच नावावरून. 1894 ला हाँगकाँगमध्ये प्लेग होता तेव्हा ब्रिटिशांनी हॉस्पिटलची सगळी सोय जपानच्या कितासातो या शास्त्रज्ञाला दिली आणि हा गवताच्या झोपडीत मायक्रोस्कोप मांडून बसला, प्रेतं हलवणाऱ्या खलाशांना पैसे चारून गाठींचे नमुने मिळवले आणि जंतू शोधला. घर मात्र केलं न्हा ट्रांगला, आणि 1943 ला वारला तोही तिथेच.

आमचा एक अख्खा दिवस होन त्रे बेटावर गेला होता, समुद्रावरून तीन किलोमीटरच्या वर केबल कार, मग राइड्स, मग वॉटरपार्क. मजा आली, मलाही आली, नाही कशाला म्हणू. पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मोठे भाऊजी म्हणाले आजपण तिकडेच जाऊ, पोरं खूश आहेत. मी म्हटलं मला म्युझियमला जायचंय. तर म्हणे, "अगं एवढे पैसे खर्चून जंतूवाल्या डॉक्टरचं टेबल-खुर्ची कसली बघतेस, तसलं परळला पण असेल!"

परळ म्हटल्यावर माझं टाळकंच सरकलं. अहो मुंबईत 1896 ला प्लेग आला, ज्याच्या नावाची परळला इन्स्टिट्यूट आहे त्या हाफकिनने इथेच त्यावर लस केली, आणि 1897 मध्ये हाच येर्सिन न्हा ट्रांगला घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेलं सीरम घेऊन मुंबईत आला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या, जूनमध्ये चापेकरांनी रँडला गोळी घातली. हे सगळं आपण शाळेत पाठ केलंय आणि त्यातल्या एका माणसाची प्रयोगशाळा हॉटेलपासून दहा मिनिटांवर असताना आपण परत घसरगुंडीवर जायचं? सगळ्यांची ऑम्लेटं थंड झाली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे तिला, आणि माझ्याबरोबर यायला कोण तयार झालं तर भाऊजींचीच मुलगी!

म्युझियम समुद्रासमोरच्या रस्त्यावर पाश्चर इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. लहान आहे, तासाभरात होतं. त्याची उपकरणं, दुर्बीण, फ्रेंच पुस्तकं, घरातलं सामान. माणूस नुसता जंतूवाला नव्हता, रबराची लागवड केली, क्विनाइनसाठी सिंकोनाची झाडं लावली, आणि ज्या पठारावर पुढे दा लात हे थंड हवेचं ठिकाण वसलं तिथे हा 1893 लाच फिरून आला होता. पुतणीने प्रत्येक पाटी वाचली.

रात्री जेवताना तिने बाबांना सगळं सांगितलं. भाऊजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मुंबईत त्याचं औषध चाललंच नाही ना?" नाही चाललं, बरोबर आहे, निकाल निराशाजनकच होते. पण त्याच्या जागी भारतात आलेल्या सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1898 ला कराचीत उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे शोधून काढलं, त्या साखळीत येर्सिन आहेच की. हे मला त्या दिवशी ऐनवेळी सुचलं नाही म्हणून आता इथे लिहितेय.

बाकी पो नगरचं देऊळ अजिबात चुकवू नका. नदीच्या मुखाशी टेकडीवर चाम, म्हणजे तिथल्या जुन्या हिंदू चंपा राज्यातल्या, राजांच्या काळातले विटांचे मनोरे आहेत, आधीचं देऊळ 774 ला समुद्रातून आलेल्या जावाच्या लोकांनी जाळलं, मग सत्यवर्मन राजाने परत बांधलं. देवी म्हणजे भगवतीच, दहा हातांची, पण वस्त्रं अशी चढवलेली असतात की चेहरा तेवढा दिसतो. बाजूच्या मनोऱ्यात शिवलिंग आहे. पडकं स्मारक समजून चपला घालून शिरणारे आपलेच लोक बघितले, असं करू नका, तिथे रोज पूजा चालते, व्हिएतनामी बायका उदबत्त्या घेऊन रांगेत असतात. सकाळी लवकर जा, नंतर बसच्या बस येतात.

दिवस म्हणाल तर तीन पुरे, चौथा असेल तर घाट चढून दा लातला जा, बसने चारएक तास लागतात. येर्सिनची कबर गावाबाहेर वीसेक किलोमीटरवर सुओइ दाऊला आहे, ती मात्र माझ्यासारख्या वेड्यांसाठीच. चिखलाच्या अंघोळीचं फार कौतुक ऐकाल, मला नाही आवडली.

हो, आणि महत्त्वाचं राहिलं, ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे पाऊस असतो, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर हे सगळं लिहिलेलं निम्मं वाया. म्युझियम जेवणाच्या वेळेत बंद असतं, शनिवार-रविवारी जायचं तर हॉटेलवाल्याला आधी फोन करायला लावा. शाकाहारी असाल तर 'chay' (चाय, म्हणजे शाकाहारी, आपला चहा नव्हे) लिहिलेली हॉटेलं शोधा, बाकी ठिकाणी भाजीतही माशाचा सॉस पडतो. लहान मुलं बरोबर असतील तर बेटावर एक दिवस जाच, पण एकच. दोन-दोन दिवस वॉटरपार्कच करायचा असेल तर आपली खोपोली काय वाईट आहे, आणि भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हालापण तेच सांगणं आहे.