हर्बल चहातल्या घटकांनी रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत म्हणतात. मग रक्त पातळ करायची गोळी बंद करून चहाच घेतला तर? चहा नैसर्गिक, त्याचा कसला आलाय अपाय?

अजिबात नको. एवढंच लिहून थांबणार होतो, पण "चहा नैसर्गिक, त्याचा कसला आलाय अपाय" हे तुमचं वाक्य आमच्या दाजींच्या तोंडून इतकं ऐकलंय की राहवत नाही.

बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून वॉर्फरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा, हे घरात सगळ्यांना पाठ. दाजींनी कुठेतरी वाचलं की कॅमोमाइलच्या फुलांच्या चहाने झोप लागते आणि रक्तही "मोकळं वाहतं". डबाच घेऊन आले. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारू. "चहाला काय चिठ्ठी लागते?" जावयापुढे बाबा काय बोलणार, पीत राहिले. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, थांबेचना. काही न लागता दंडावर काळेनिळे डाग. आयएनआर ५ च्या वर! गोळी थांबवली, दिवसाआड रक्ततपासणी. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय सुरू केलंय? चहाचं नाव शेवटी मीच घेतलं. दाजी तेवढ्यात गाडी नीट लावायला खाली गेले.

गंमत म्हणजे ज्या गोळीला ते "केमिकल" म्हणून नाकं मुरडतात, तिचं मूळ चाऱ्यातच आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हर या चारापिकाचा बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. त्यातल्या कुमारिन या घटकापासून बुरशी रक्त गोठू न देणारं डायकुमारॉल तयार करते. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने ते शोधलं, त्यावरून पुढे वॉर्फरिन आलं, आणि १९४८ मध्ये ते बाजारात आलं ते उंदीर मारायला. चाऱ्याने बैल मरतो, तर नैसर्गिकचं कौतुक मला सांगू नका. उलट नुसतं कुमारिन रक्त पातळ करत नाही, त्यामुळे "अमुक चहात कुमारिन आहे" एवढ्यावरही उड्या मारू नका.

आता तुमचा प्रश्न. हो, असे घटक आहेत. बकव्हीटच्या (कुट्टूच्या) चहात मिळणारं रुटिन, गुठळी व्हायला मदत करणारं पीडीआय नावाचं प्रथिन अडवतं आणि उंदरांमध्ये त्याने गुठळ्या रोखल्या, हे २०१२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं. उंदरांमध्ये. गोळी मिलिग्रॅममध्ये मोजून मिळते, कपात किती उतरलं ते कोण मोजणार? आणि गोळी सोडलीत तर गुठळी मेंदूत जाऊन अडकायचा धोका तुमचा, सल्ला देणाऱ्याचा नाही.

अशी कुठलीच गोळी चालू नसेल तर रोजचा कपभर चहा खुशाल प्या. आणि खरं सांगायचं तर त्याच सुमारास बाबांना अँटिबायोटिकही चालू होतं, त्यानेही आयएनआर चढतो. सगळं खापर चहावर फोडता येणार नाही. कॅमोमाइल आणि वॉर्फरिन एकत्र घेऊन अंतर्गत रक्तस्राव झालेल्या कॅनडातल्या एका वृद्धेची नोंद २००६ मध्ये छापून आली होती, पण तीही एकच. दाजी आजही अँटिबायोटिककडेच बोट दाखवतात. दाखवू देत. ते डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं, फाइलमध्ये होतं. चहा फाइलमध्ये नव्हता.