हिंदू सून चालत होती, कॅथलिक सून चालत नव्हती

प्रश्न असा आहे: ब्रिटनच्या राजपुत्राने हिंदू किंवा मुसलमान मुलीशी लग्न केलं तर त्याचा गादीवरचा हक्क शाबूत राहतो, पण कॅथलिक मुलीशी केलं तर जातो, हे खरं का? आणि खरं असेल तर आजही तसंच आहे का?

२६ मार्च २०१५ पर्यंत ते खरं होतं. त्या दिवसापासून लग्नाची अट गेली. मात्र राजा किंवा राणी स्वतः कॅथलिक असता कामा नये, ही अट अजून कायम आहे. घाईत असाल तर एवढं उत्तर पुरे. पण हा नियम आला कुठून हे ठाऊक नसेल तर तो निव्वळ वेडेपणा वाटतो, आणि तो तसा नव्हता. मी वसईचा, मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरातला. या विषयाचा नाद मला लागला तो त्यामुळेच.

सुरुवात आपल्या दारातूनच करतो. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाचा तह झाला आणि त्यात मुंबई आंदण म्हणून गेली, हे आपण शाळेत शिकतो. शाळेत सांगत नाहीत ते हे, की नवरी कॅथलिक होती आणि तेव्हा त्याला कायद्याची हरकत नव्हती. पुढे जो कायदा झाला तो अठ्ठावीस वर्षं आधी झाला असता, तर हे लग्न जमलंच नसतं आणि मुंबई इंग्रजांच्या हाती या वाटेने गेली नसती. (वसई पोर्तुगीजांकडेच राहिली, ती थेट १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत.) कॅथरीनला मात्र हे लग्न सुखाचं गेलं नाही. राणी म्हणून तिचा राज्याभिषेक कधी झालाच नाही. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसाने, कॅथलिकांनी राजाला मारायचा कट रचलाय, अशी धादांत खोटी आवई उठवली. त्यात राणीलाही गोवलं. राजा तिच्या पाठीशी उभा राहिला म्हणून ती वाचली. कितीतरी निरपराध माणसं मात्र फासावर गेली.

एवढी भीती कशाची? उपासनेच्या पद्धतीची नव्हे. १५७० मध्ये पोप पाचव्या पायसने पहिल्या एलिझाबेथला बहिष्कृत केलं आणि तिच्या प्रजेला तिची आज्ञा पाळण्याच्या शपथेतून मोकळं केलं. तेव्हापासून इंग्रजांच्या लेखी कॅथलिक म्हणजे दुसऱ्या धन्याचा माणूस. त्यात १६८५ साली दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आपल्या प्रोटेस्टंट प्रजेचं संरक्षण काढून घेतलं आणि जीव मुठीत धरून पळालेली कुटुंबं लंडनला येऊ लागली. आणि त्याच वर्षी लंडनच्या गादीवर चार्ल्सचा भाऊ दुसरा जेम्स बसला, जो उघडपणे कॅथलिक झाला होता.

लोकांनी तेही सोसलं असतं. जेम्सचं वय झालेलं, पहिल्या बायकोच्या दोन्ही मुली प्रोटेस्टंट. हा गेला की थोरली मेरी येईल, असा हिशेब होता. १० जून १६८८ ला त्याच्या दुसऱ्या, कॅथलिक राणीला मुलगा झाला आणि तो हिशेब कोलमडला. लगेच बोलवा उठली, की बाळ राणीचं नाहीच. थंडीत अंथरूण उबदार करायला लांब दांड्याचं, झाकणाचं, निखारे घालायचं भांडं वापरत, त्यातून कुणाचं तरी मूल लपवून राणीच्या खोलीत आणलं म्हणे! बाळंतपणाला दरबारातली कितीतरी माणसं हजर होती, तरी लोकांनी विश्वास ठेवला, कारण त्यांना ठेवायचा होता. नोव्हेंबरात मेरीचा नवरा विल्यम हॉलंडहून फौज घेऊन उतरला आणि डिसेंबरात जेम्स फ्रान्सला पळाला.

१६८९ च्या हक्कनाम्यात, म्हणजे संसदेच्या 'बिल ऑफ राइट्स' कायद्यात, मग स्पष्ट लिहिलं गेलं: जो कॅथलिक असेल किंवा कॅथलिकाशी लग्न करेल तो गादीला कायमचा मुकेल आणि वारसा पुढच्या प्रोटेस्टंटाकडे जाईल, जणू ती व्यक्ती नैसर्गिकरीत्या मरण पावली आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चरकलो होतो. माणूस जिवंत, पण कायद्याच्या लेखी मेलेला. पुढे मेरीला मूल झालं नाही. तिच्या धाकट्या बहिणीला, ॲनला, सतरा वेळा दिवस गेले, पण जगलेला एकुलता मुलगाही १७०० साली अकराव्या वर्षी गेला. म्हणून १७०१ चा वारसा कायदा आला. पन्नासहून अधिक जवळचे कॅथलिक वारस ओलांडून गादी जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सोफिया आणि तिच्या प्रोटेस्टंट वंशजांना दिली गेली. सोफिया ॲनच्या आधी जेमतेम दोन महिने वारली, म्हणून १७१४ मध्ये तिचा मुलगा पहिला जॉर्ज राजा झाला. आजचं घराणं तिथून आलंय.

आता तुमच्या प्रश्नातला हिंदू-मुसलमानांचा भाग. कायद्यात बंदी घातली ती फक्त रोमच्या चर्चच्या माणसांशी लग्नाला. बाकीचे धर्म १७०१ मध्ये कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हते. त्यामुळे हिंदू, ज्यू, मुसलमान किंवा नास्तिक जोडीदाराला कायदा आडवा येत नव्हता. गादीवर बसणाऱ्याने स्वतः चर्च ऑफ इंग्लंडशी, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत प्रोटेस्टंट चर्चशी, सहभागिता राखायची, ही अट वेगळी.

या कायद्याखाली एखादी बाई कशी भरडली गेली ते पाहायचं तर मारिया फिट्झहर्बर्टकडे बघा. कॅथलिक, दोनदा विधवा झालेली. तिसऱ्या जॉर्जचा थोरला मुलगा, म्हणजे युवराज, तिच्यासाठी वेडा झाला होता. लग्नाशिवाय राहायला ती कबूल होईना. १५ डिसेंबर १७८५ ला लंडनच्या पार्क स्ट्रीटवर, तिच्याच घराच्या दिवाणखान्यात दार लावून लग्न झालं. साक्षीला तिचा मामा आणि भाऊ. तो तेवीस वर्षांचा, ती एकोणतीस.

इथे दोन कायदे एकमेकांत अडकले. १७७२ च्या राजविवाह कायद्यानुसार राजाच्या संमतीशिवाय झालेलं लग्न रद्दबातल; संमती मागितलीच नव्हती, म्हणून हे लग्न झालंच नाही. आणि ते रद्दबातल होतं म्हणूनच युवराजाची गादी वाचली, कारण वैध ठरलं असतं तर १७०१ च्या कायद्याने तो बाद झाला असता. म्हणजे मारिया त्याची बायको नव्हती यावरच त्याचं राज्य उभं होतं. १७८७ मध्ये युवराजाच्या कर्जाचा विषय संसदेत निघाला तेव्हा त्याचा मित्र फॉक्स याने भर सभागृहात सांगितलं, असं लग्न झालेलंच नाही. मारियाने फॉक्सला कधी क्षमा केली नाही. मला त्यात तिचं काही चुकलं असं वाटत नाही.

१७९५ मध्ये युवराजाने प्रोटेस्टंट राजकन्येशी रीतसर लग्न केलं. पुढे रोमने मात्र निर्वाळा दिला, की मारियाचंच लग्न खरं. लग्नाच्या दाखल्यावरची साक्षीदारांची नावं तिने नंतर कापून काढली, कारण अशा लग्नाला हजर राहणं हासुद्धा गुन्हा होता आणि तिला मामाला नि भावाला वाचवायचं होतं. कडा कापलेला तो कागद तिने आयुष्यभर जपला. हाच युवराज पुढे चौथा जॉर्ज म्हणून राजा झाला; तो १८३० मध्ये वारला तेव्हा त्याच्या गळ्यात तिचं छोटं चित्र होतं आणि त्यासकट त्याला पुरलं. ब्रायटनच्या चर्चमध्ये तिचं स्मारक आहे. त्यावरच्या मूर्तीच्या बोटात तीन अंगठ्या कोरल्या आहेत, तीन लग्नांच्या. राज्याने जे नाकारलं ते तिथे संगमरवरात राहिलं.

विसाव्या शतकात हा नियम कसा चालला? दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा चुलत भाऊ, केंटचा ड्यूक, याची पत्नी १९९४ मध्ये कॅथलिक झाली. वारसांच्या यादीतलं ड्यूकचं स्थान गेलं नाही, कारण १९६१ ला लग्न झालं तेव्हा ती अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची, होती आणि कायदा बोलतो ते 'लग्न करण्या'बद्दल. त्याचा धाकटा भाऊ प्रिन्स मायकेल याने १९७८ मध्ये कॅथलिक स्त्रीशी लग्न केलं आणि त्याचं नाव यादीतून गेलं, पण त्याची मुलं अँग्लिकन म्हणून वाढली, ती यादीत राहिली. २००८ मध्ये एलिझाबेथ राणीची मुलगी राजकुमारी ॲन हिच्या मुलाचं लग्न होतं. वधूने आधी कॅथलिक चर्च सोडलं आणि त्याचा क्रमांक टिकला. नवऱ्याला गादी मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही आणि त्यापायी बाईने बाप्तिस्म्यापासूनचं चर्च सोडायचं, याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑक्टोबर २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला ब्रिटनची राणीच ज्यांची राष्ट्रप्रमुख होती त्या सोळाही देशांनी बदल मान्य केला. २०१३ ला कायदा झाला, २०१५ ला लागू झाला. कॅथलिकाशी लग्नाची बंदी गेली, प्रिन्स मायकेलचं स्थान परत मिळालं, १७७२ चा कायदा रद्द होऊन संमतीची गरज पहिल्या सहा वारसांपुरती उरली, आणि धाकट्या भावाने थोरल्या बहिणीला ओलांडायचं बंद झालं. म्हणून आज युवराज विल्यमची मुलगी शार्लट तिच्या धाकट्या भावाच्या, लुईच्या, पुढे आहे.

मग अडतं कुठे? मुलांपाशी. माझ्या चुलत बहिणीने हिंदू मुलाशी लग्न केलं. मिश्रविवाहाची परवानगी मागताना फादरांनी तिच्यासमोर एक कागद ठेवला: होणाऱ्या मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा देण्यासाठी मी शक्य ते सर्व करीन. आमच्याकडे असा कागद बहुतेक घरांनी पाहिलाय. ती सही करताना थांबली, नवऱ्याकडे पाहिलं, तो म्हणाला, 'कर.' उद्या वारसाच्या कॅथलिक वधूपुढेही हाच कागद येणार, आणि तिने दिलेला शब्द पाळला तर तिचं मूल गादीला मुकणार. केंटच्या ड्यूकचा धाकटा मुलगा २००१ मध्ये कॅथलिक झाला नि यादीतून गेला. त्याच्या मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक म्हणून झाला, तीही यादीत नाहीत.

राजा चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च अधिकारी आहे तोवर ही गाठ सुटणार नाही, हे मला कळतं. ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकात तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक या हिंदू माणसाने बायबलमधला उतारा वाचला आणि त्याच सोहळ्यात तिसऱ्या चार्ल्सने आपण निष्ठावान प्रोटेस्टंट असल्याची प्रतिज्ञा केली. माझ्या मते गादी आणि चर्च वेगळी व्हायला हवीत. तोपर्यंत पाळण्यातल्या मुलाचा हक्क त्याला कोणत्या चर्चमध्ये नेलं यावर ठरत राहणार.